जुना हेडसेट आणि टेबलावरचा टेलिफोन

टेलिफोनवरून ‘सतरा’ म्हटलेलं पलीकडे ‘सत्तर’ ऐकू जातं आणि ‘सात’ म्हटलेलं ‘साठ’, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना असेल. खताच्या गोण्यांची मागणी असो, फवारणीच्या औषधाचं प्रमाण असो की परीक्षेचा बैठक क्रमांक असो, एवढ्याशा फरकानं मोठा घोटाळा होतो. यात दोष नेहमी माणसाच्या कानाचाच असतो असं नाही. साधा टेलिफोन माणसाचा सगळा आवाज वाहून नेतच नाही. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनं एवढ्या पट्ट्यातलाच आवाज तो घेतो आणि वरचा बारीक भाग गाळून टाकतो. नेमक्या त्याच भागात स, श, फ अशा अक्षरांची ओळख पटवणारे बारकावे असतात. म्हणजे टेलिफोनवर मुळात चाळून आलेलं धान्य आपल्या पदरात पडतं. त्यात आपण रिसीव्हर कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरलेला, एका हातात पेन, दुसऱ्या हातानं वहीचं पान दाबलेलं. मग हाती लागलेलं धान्यही सांडायला कितीसा वेळ लागणार?

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, दूध संस्थेत, शाळेत, कृषी सेवा केंद्रात ज्याला दिवसभर टेलिफोन घ्यावा लागतो, त्याची मान संध्याकाळी आखडलेली असते. ज्याचा एक हात अधू आहे किंवा ज्याची बोटं संधिवातानं ताठलेली आहेत, त्याला तर रिसीव्हर धरून लिहिणं जमतच नाही. अशा माणसाला हेडसेटचा, म्हणजे डोक्यावर बसणाऱ्या, एक किंवा दोन्ही कानांशी आणि तोंडाशी येणाऱ्या उपकरणाचा फार उपयोग होतो. ही कल्पना नवी नाही. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंजं सुरू झाली. हातानं तारा जोडून देण्याच्या त्या काळात एक्स्चेंजमधले ऑपरेटर असाच सरंजाम अंगावर चढवून बसत. आज शेतकऱ्यानं १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फिरवला, की पलीकडे किसान कॉल सेंटरचा सल्लागार बोलतो. २१ जानेवारी २००४ पासून चालू असलेल्या या सेवेसारख्या कामात माणसाला ऐकता ऐकता लिहायचं असतं, शोधायचं असतं. हात मोकळे असले तरच ते नीट होतं.

आता नवा चांगला हेडसेट महाग पडतो. म्हणून माणूस जुन्या बाजाराकडे वळतो. शहरांतली मोठी कार्यालयं आपली यंत्रणा बदलतात तेव्हा जुने हेडसेट काढून टाकतात, आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी किंवा जुन्या सामानाच्या दुकानांत कमी किमतीत मिळू शकतात. घरी आणून टेलिफोनला लावावा, तर प्लग टकदिशी बसतो, पण आवाज मात्र नाही! किंवा आपल्याला पलीकडचं ऐकू येतं, त्याला आपलं काही ऐकू जात नाही. मग माणूस म्हणतो, “फसवलं दुकानदारानं.” पुष्कळदा दुकानदारानं फसवलेलं नसतं. हेडसेट चांगला असतो, टेलिफोनही चांगला असतो. फक्त दोघांचं गोत्र जुळलेलं नसतं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण या छोट्या प्लगला अगदी लागू आहे. तेव्हा प्लग बसला म्हणजे जोडणी झाली असं न मानता, जुळणी कशी तपासायची ते आपण क्रमानं पाहू.

प्रथम टेलिफोन उलटा करून पाहा. साध्या टेलिफोनला दोन निरनिराळ्या खाचा असतात. एका खाचेत भिंतीकडून आलेली तार जाते, ती लाइनची खाच. दुसऱ्या, थोड्या अरुंद खाचेत रिसीव्हरची स्प्रिंगसारखी पिळाची वायर जाते. आपलं काम फक्त या दुसऱ्या खाचेशी आहे. हे दोनदा सांगतो, कारण सगळ्यात वाईट चूक इथंच होते. रिसीव्हरचा अरुंद प्लग लाइनच्या रुंद खाचेत सैलसर का होईना, पण शिरतो. आणि तो शिरला की त्याच्या मधल्या दोन पट्ट्या नेमक्या लाइनच्या दोन तारांना टेकतात. या तारांवर एक्स्चेंजच्या बॅटरीचा सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो, आणि घंटी वाजते तेव्हा तो ७५ व्होल्टच्या आसपास उलटसुलट होत असतो. तो सगळा थेट कानावरच्या नाजूक पडद्यावर आदळतो. हेडसेट जळेल ते वेगळंच, पण त्या वेळी तो कानावर असेल तर कानाचंही नुकसान व्हायचं. रिसीव्हरच्या खाचेत मात्र विजेचा दाब अगदी थोडा, काही व्होल्टच असतो. म्हणून नियम असा: हेडसेट लाइनच्या खाचेत कधीही नाही, आणि पहिल्यांदा जोडताना तो डोक्यावर नाही, टेबलावर.

आता त्या अरुंद प्लगकडे नीट पाहा. पारदर्शक प्लास्टिकमध्ये चार सोनेरी पट्ट्या दिसतील. चार पट्ट्या म्हणजे चार तारा: दोन कानाच्या, दोन तोंडाच्या. कानाच्या दोन तारांतून पलीकडचा आवाज आपल्याकडे येतो, तोंडाच्या दोन तारांतून आपला आवाज जातो. पुष्कळशा टेलिफोनांत बाहेरच्या दोन पट्ट्या तोंडाच्या, म्हणजे मायक्रोफोनच्या असतात आणि आतल्या दोन कानाच्या. पण हा काही कायदा नव्हे. काही कंपन्यांनी आतल्या-बाहेरच्या जोड्यांची अदलाबदल केलेली असते, तर काहींनी जोड्या तशाच ठेवून धन आणि ऋण उलट केलेलं असतं. प्लगचा आकार एकच, पण आतली वाटणी वेगळी. दोन वाड्यांना एकसारखे दरवाजे असावेत, पण एका वाड्यात डावीकडे स्वयंपाकघर आणि दुसऱ्यात डावीकडे गोठा असावा, तसा हा प्रकार आहे.

कानाच्या दोन तारा आपसात उलट झाल्या तरी ऐकण्यात फरक पडत नाही. तोंडाच्या तारांचं तसं नाही. तिथं मायक्रोफोन कोणत्या जातीचा आहे यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून या जाती आपण ओळखून घेतल्या पाहिजेत. त्या मुख्यतः तीन आहेत.

पहिली जात कार्बनची. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट १८७६ साली मिळालं. त्यानंतर एकदोन वर्षांतच, १८७७-७८ मध्ये, एडिसन, बर्लिनर आणि ह्यूज यांच्या प्रयत्नांतून हा मायक्रोफोन पुढे आला. एका डबीत कोळशाचे बारीक दाणे भरलेले असतात आणि त्यांतून वीज वाहत असते. बोलण्याच्या लहरींनी दाणे दाबले गेले की वीज जास्त वाहते, सैल झाले की कमी वाहते. पाटाच्या दारावर उभं राहून फळी वरखाली करावी आणि पाण्याचा ओघ कमीजास्त व्हावा, तसंच हे. पाणी वरच्या धरणाचं, फळी हलवणारे आपण. म्हणून कार्बनला बाहेरची वीज भरपूर लागते आणि त्याचा आवाजही दणदणीत निघतो. जुन्या काळ्या, तबकडीच्या टेलिफोनांत हाच मायक्रोफोन असे. आवाज घोगरा झाला की लोक रिसीव्हर टेबलावर आपटत, ते उगीच नव्हे. घट्ट बसलेले दाणे त्यानं मोकळे होत.

दुसरी जात डायनॅमिक. यात चुंबकाजवळ तारेचं बारीक वेटोळं पडद्याला चिकटवलेलं असतं. आवाजानं पडदा हलतो, वेटोळं हलतं आणि त्यात आपोआप थोडी वीज उत्पन्न होते. याला बाहेरच्या विजेची गरज नाही, पण त्याचा आवाज फार हळू असतो. टेलिफोनच्या पोटात तो मोठा करणारी सोय नसेल, तर पलीकडच्याला विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं ऐकू जातं.

तिसरी जात इलेक्ट्रेटची. बेल प्रयोगशाळेतले जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ साली हा मायक्रोफोन तयार केला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा असूनही आवाज स्वच्छ देतो, म्हणून आता बहुतेक हेडसेटांत हाच असतो. याला वीज थोडी, एकदोन व्होल्टांपासून चारपाच व्होल्टांपर्यंत लागते, पण ती योग्य दिशेनंच मिळाली पाहिजे. धनाच्या जागी ऋण आलं, की तो बहुधा मुका होतो. आणि टेलिफोनकडून वीज मिळालीच नाही, तर मुका राहतोच राहतो.

एवढं लक्षात आलं म्हणजे निम्मं कोडं सुटलं. “मला ऐकू येतं, त्याला येत नाही” ही सगळ्यात नेहमीची तक्रार. तिचा अर्थ असा, की कानाची जोडी बरोबर लागली आहे आणि तोंडाची जोडी एकतर उलटी लागली आहे किंवा टेलिफोन आणि मायक्रोफोन यांची जात निराळी आहे. हेडसेट फेकून देण्याचं कारण नाही.

आता बाजारात हेडसेट हातात घेतलात, की आधी त्याचं डोकं पाहू नका, शेपूट पाहा. वायरच्या टोकाला काय आहे, यावरून तो आपल्या उपयोगाचा आहे की नाही ते बरंचसं कळतं.

टोकाला आत्ता सांगितलेला चार पट्ट्यांचा अरुंद प्लग असेल, तर तो टेलिफोनसाठीच केलेला आहे. प्रश्न फक्त जुळणीचा राहतो.

टोकाला बोटभर लांबीचा चपटा प्लास्टिकचा जोड असेल, तर ती अर्धीच वस्तू आहे असं समजा. बोलणाऱ्याला हेडसेट डोक्यावर ठेवून जागेवरून उठता यावं म्हणून हा जोड मध्ये दिलेला असतो. तिथून टेलिफोनपर्यंतची खालची वायर वेगळी मिळते आणि चारही तारांची वाटणी त्या वायरीतच ठरलेली असते. इथं एक गोष्ट ध्यानात धरा. प्लॅन्ट्रॉनिक्सचा जोड आणि जाबराचा जोड एकमेकांत बसत नाहीत. वरचा भाग एका कंपनीचा आणि खालची वायर दुसऱ्या कंपनीची घेतलीत, तर दोन्हींचे पैसे वाया जातील. तेव्हा शक्य असेल तर दोन्ही भाग एकाच दुकानातून, एकमेकांत बसवून पाहून घ्या. खालच्या वायरीवर बारीक अक्षरांत छापलेला क्रमांक वहीत लिहून ठेवा. ती वायर कोणत्या टेलिफोनसाठी आहे, ते त्या क्रमांकावरून शोधता येतं.

टोकाला गोल, सुईसारखी पिन असेल, तर तो मोबाइलचा किंवा संगणकाचा हेडसेट आहे. त्याला अरुंद प्लगमध्ये बदलणारी जोडवायर बाजारात मिळते. टेलिफोन इलेक्ट्रेटला लागणारी थोडी वीज देत असेल, तर हा संसार पुष्कळदा सुखाचा होतो. मात्र पिनेवर तीन काळी कडी आहेत की दोन, ते पाहा. तीन कडी असतील तर एकाच पिनेत कान आणि तोंड दोन्ही आहेत. दोन कडी असतील आणि हेडसेटला दोन पिना असतील, तर एक कानाची आणि एक तोंडाची. दोन कड्यांची एकच पिन असेल तर बहुधा नुसता ऐकण्याचाच हेडफोन आहे, त्याला तोंडच नाही.

आणि टोकाला संगणकात खुपसायचा चपटा, चौकोनी यूएसबी प्लग असेल, तर तो हेडसेट कितीही स्वस्त असला तरी या कामासाठी घेऊ नका. त्याच्या वायरीतून आवाज आवाजाच्या रूपात जात नाही, आकड्यांच्या रूपात जातो. साध्या टेलिफोनच्या चार तारांना ती भाषा कळत नाही. वायर कापून जोडण्याचा खटाटोप केला तर दोन्ही वस्तू बिघडतील. त्याच्या उलट, काही कार्यालयांत संगणकाच्या जाळ्यावर चालणारे टेलिफोन असतात. त्यांतल्या काहींना यूएसबीची खाच असते, आणि तिथं तो चालू शकतो. अशा टेलिफोनवर हेडसेटचं चित्र काढलेली वेगळी खाच आणि बटणही पुष्कळदा असतं. ती असेल तर तीच वापरा. पण त्या टेलिफोनच्या जाळ्याच्या रुंद खाचेतूनही सुमारे ४८ व्होल्टची वीज येत असू शकते. तिथं दुसरं काही घालू नका.

हेडसेट विकत घेण्यापूर्वी तो जिवंत आहे की मेला, हे पाहण्याची सोपी रीत आहे. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल आणि दोन तारांचे तुकडे एवढंच लागतं. तारांची एकेक टोकं सेलला लावा, दुसरी टोकं प्लगच्या आतल्या दोन पट्ट्यांना क्षणभर टेकवा आणि उचला. हेडसेट कानापासून हातभर लांब ठेवा. ‘कट्’ असा आवाज आला तर कानाची बाजू जिवंत आहे आणि ती जोडी आतलीच आहे. आतल्या जोडीवर आवाज नाही, पण बाहेरच्या जोडीवर आला, तर या हेडसेटची वाटणी उलट आहे असं समजा. कोठेच आवाज नाही, तर वायर तुटलेली आहे किंवा पडदा गेला आहे. जुन्या हेडसेटची वायर तुटते ती बहुधा दोनच ठिकाणी: प्लगच्या मुळाशी आणि कानाच्या भांड्यात शिरते तिथं. तपासताना या दोन जागा हलवून पाहा.

मायक्रोफोनसाठी वायरमनकडे असतो तसा मल्टिमीटर लागतो. रोध मोजण्याच्या खुणेवर तो ठेवून दोन सुया तोंडाच्या जोडीला लावा, मग सुयांची अदलाबदल करा. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला, तर बहुधा इलेक्ट्रेट. दोन्ही वेळा एकच आकडा आला आणि मायक्रोफोनवर फुंकर मारली तरी तो स्थिर राहिला, तर बहुधा डायनॅमिक. टेलिफोनची जातही याच मीटरनं कळते. रिसीव्हर उचलल्यासारखी स्थिती करून, रिसीव्हरच्या मोकळ्या खाचेत तोंडाच्या जोडीवर सरळ विजेचे व्होल्ट मोजा. दोनचार व्होल्ट मिळाले तर टेलिफोन इलेक्ट्रेटला पोसू शकतो. काहीच मिळालं नाही तर तो डायनॅमिकचा. खाचेतल्या तारा बारीक असतात, सुया खुपसून त्या वाकवू नका. ज्याचा हात बसलेला आहे अशा वायरमनकडून हे करून घेतलेलं बरं.

जुना, स्क्रूनं आतच बांधलेल्या रिसीव्हरचा तबकडीचा टेलिफोन असेल, तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात मायक्रोफोनचा मार्ग लाइनशी थेट गुंफलेला असतो. तो शोभेसाठी आणि मुलांना दाखवण्यासाठी ठेवावा.

आता जोडणी. रिसीव्हर आणि हेडसेट दोन्ही एकाच खाचेवर फाटा मारून कायमचे लावण्याचा मोह होतो. तसं करू नये. दोन्ही मायक्रोफोन एकाच वेळी चालू राहतात, वीज वाटली जाते, आवाज पडतो आणि खोलीतलं सगळं बोलणं पलीकडे जातं. यासाठी खटक्याची छोटी पेटी मिळते. तिच्यात एकीकडे रिसीव्हर, दुसरीकडे हेडसेट, आणि खटका फिरवला की एक बंद होऊन दुसरा चालू. काही जोडवायरींना किंवा पेट्यांना वाटणी बदलणारी सरकती कळ असते. जाबराच्या एका वायरीला अशी आठ घरं आहेत. हाती आलेला टेलिफोन कोणत्या वाटणीचा आहे ते माहीत नसलं तरी एकेक घर पुढे सरकवत जुळणी सापडते. जुन्या बाजारात अशी वायर मिळाली, तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. ती पुढं दुसऱ्या टेलिफोनलाही चालते.

जुळणी शोधताना आपल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून ठेवा आणि त्याला सबुरीनं बसायला सांगा. आवाजाची कळ सगळ्यात खाली आणा. हेडसेट टेबलावर ठेवूनच पहिल्या घरापासून सुरुवात करा. खरखर किंवा शिट्टी नाही याची खात्री झाली की मगच तो डोक्यावर चढवा. प्रत्येक घरावर दोनच प्रश्न विचारायचे: मला त्याचं ऐकू येतं का, आणि त्याला माझं ऐकू जातं का? आणखी एक खूण आहे. टेलिफोन चांगला जुळला, की आपलाच आवाज आपल्याला कानात हलकासा ऐकू येतो. ही सोय मुद्दाम केलेली असते. तो आवाज मुळीच आला नाही तर माणसाला वाटतं टेलिफोन बंद पडला, आणि तो ओरडू लागतो. तो फार मोठा आला तर माणूस दबकून, हळू बोलू लागतो. बेताचा आला की जुळणी बरोबर आहे. योग्य घर सापडलं की कळीवर चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे झाडलोट करताना ती सरकणार नाही.

हेडसेट लावला म्हणून टेलिफोन आपोआप उचलला जात नाही, हेही ध्यानात ठेवा. रिसीव्हरच्या खाचेवर हेडसेट चालवायचा तर फोन घेताना रिसीव्हर उचलून बाजूला ठेवावा लागतो आणि संपल्यावर परत जागेवर ठेवावा लागतो. तो ठेवायला विसरलात तर दिवसभर कोणाचाही फोन लागणार नाही, आणि गावात बोभाटा होईल की पंचायतीचा फोन बंद आहे. रिसीव्हर बाजूला ठेवण्याची जागा ठरवून घ्या आणि तिथं एक कागद चिकटवा: “बोलणं संपलं? रिसीव्हर जागेवर.”

मायक्रोफोन कोठे यावा? ओठांच्या अगदी समोर नव्हे. तिथं श्वासाचे फटकारे बसतात आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं अंतरावर, किंचित खाली असावा. काही मायक्रोफोन भोवतालचा गलका कमी करणारे असतात. त्यांना पुढून आणि मागून दोन्हीकडे भोकं असतात, आणि तोंडाकडची बाजू दाखवायला पुष्कळदा एक ठिपका असतो. तो उलटा बसवला तर बोलणाऱ्याचाच आवाज कमी होतो आणि दोष जोडणीला दिला जातो. मोबाइल शेजारी ठेवला असेल आणि ‘टर्र टर्र’ असा आवाज येत असेल, तर तो हातभर दूर सारा.

जुनी वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या अंगचा सदरा. ती स्वच्छ केल्याशिवाय वापरू नये. कानावरची स्पंजाची गादी फार स्वस्त मिळते, ती नवीच घाला. प्लास्टिकचा भाग स्पिरिटनं किंचित ओलसर केलेल्या फडक्यानं पुसा. मायक्रोफोनवर पाणी किंवा स्पिरिट ओतू नका. एकाच हेडसेटवर दोन माणसं काम करणार असतील तर गादी ज्याची त्याची वेगळी ठेवा. कानाचं दुखणं असंच पसरतं.

आणि आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी घातलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे. घरी डेसिबल मोजता येत नाहीत, पण साधी खूण आहे. हेडसेट कानावर असताना शेजारी उभा राहून साध्या आवाजात बोलणाऱ्या माणसाचं आपल्याला कळलं पाहिजे. म्हणून कार्यालयात एका कानाचा हेडसेट बरा. एक कान टेलिफोनला, एक कान दारात आलेल्या माणसाला.

पावसाळ्याच्या तोंडावर एक गोष्ट विसरू नका. वीज कडाडत असताना तारेचा टेलिफोन वापरू नये, आणि डोक्याला बांधलेला हेडसेट तर नाहीच नाही. तांब्याची तार मैलोगणती उघड्यावरून येते. वीज दूर कोठे पडली तरी तिचा धक्का तारेवरून घरात शिरू शकतो. अनेक ठिकाणी आता काचतंतूची जोडणी आली आहे, आणि काचेतून वीज वाहत नाही हे खरं. पण घरातली पेटी विजेच्या खटक्यावर चालते आणि तिथून टेलिफोनपर्यंत तांब्याचीच तार येते. तेव्हा आभाळ गरजू लागलं की “जरा वेळानं फोन करतो” म्हणून हेडसेट काढून ठेवावा. कोणतंही काम माणसाच्या डोक्यापेक्षा मोठं नाही.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक गोष्ट खास सांगायची आहे. अगदीच निकामी झालेले हेडसेट किंवा रिसीव्हर फेकू नका. त्यांतल्या दोन कानांच्या डब्या काढा, अंगणाच्या दोन टोकांपर्यंत पुरेल एवढी दोन पदरी वायर घ्या आणि फक्त त्या दोन डब्या एकमेकींना जोडा. सेल नाही, टेलिफोन नाही, काही नाही. एका मुलानं एका डबीत जवळून बोलावं, दुसऱ्यानं दुसरी डबी कानाला लावावी. हलका, पण स्पष्ट आवाज येतो. ऐकण्याची डबीच बोलण्याचीही होते, कारण चुंबक, वेटोळं आणि पडदा दोन्हीकडे तेच. बेल यांच्या सुरुवातीच्या टेलिफोनांत बोलणं आणि ऐकणं अशाच एका उपकरणावर चाले. फळ्यावर काढलेल्या दहा आकृत्यांनी जे समजत नाही, ते या एका प्रयोगानं मुलांच्या कानात शिरतं.

शेवटी परीक्षेचा प्रश्न राहिला. जोडणी झाली, आवाज येतो, जातो. पण ती कामाला लावण्याजोगी झाली का? याचा निकाल आपण नाही द्यायचा, पलीकडच्या माणसानं द्यायचा. त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवा आणि साध्या आवाजात, नेहमीच्या गतीनं चार आकडे सांगा: सतरा, साठ, सत्तर, सात. मग त्याला ते वाचून दाखवायला सांगा. नंतर त्यानं सांगावेत आणि आपण लिहावेत. दोन्ही कागद बिनचूक जुळले तर हेडसेट पास झाला. एक जरी आकडा चुकला तर मायक्रोफोनची जागा बदला, कळीचं घर बदला, आणि पुन्हा परीक्षा घ्या. तरीही जुळेना, तर निमूटपणे रिसीव्हर हातात घ्या आणि तो हेडसेट दुसऱ्या टेलिफोनसाठी ठेवून द्या. मान दुखली तर रात्रभर विश्रांतीनं बरी होते. पण पिकावर सतराच्या जागी सत्तर मिली औषध पडलं, तर ते परत घेता येत नाही. म्हणून हेडसेट चांगला लागला तरी आकडा एकदा उलट म्हणून घेण्याची सवय सोडू नका.